वायूच्या आधारावर वसलेलीं शहरें

नव्या मुंबईच्या उत्तर टोकास, ठाण्याच्या सीमेस लागून, दिघा हें गांव आहे. १९६० नंतर ठाणें-बेलापूर मार्गाच्या कडेनें कारखान्यांची रांग उभी राहिली आणि ह्या गांवाचें रूप पालटलें. १२ जानेवारी २०२४ रोजीं 'दिघा गांव' ह्या रेल्वेस्थानकाचें उद्घाटन झालें. त्याच दिवशीं खारकोपर ते उरण हा लोहमार्गहि खुला करण्यांत आला. एक गांव उत्तरेचें, दुसरें दक्षिणेचें. परंतु उरणचा नव्या मुंबईच्या घरांशीं असलेला संबंध ह्या लोहमार्गाहून जुना आहे. येथील अनेक स्वयंपाकघरांत जो वायु निळ्या ज्योतीनें जळतो, त्याच्या वाटेवरील एक प्रमुख ठिकाण म्हणजे उरण. ज्योत पेटविणाऱ्या गृहिणीस ती वाट दिसत नाहीं, आणि वाटेवरच्या गांवानें काय दिलें हेंहि दिसत नाहीं.

उरणची ही कथा समुद्रांत सुरू होते. १९६० नंतरच्या दशकांत 'अकादमिक अर्खांगेल्स्की' ह्या सोव्हिएत नौकेच्या साह्यानें पश्चिम समुद्राच्या तळाची पाहणी झाली. १९७४ मध्यें 'सागरसम्राट' ह्या वेधन-मंचानें मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर तेल शोधून काढलें, व १९७६ च्या मे महिन्यांत उत्पादनास आरंभ झाला. तेलाबरोबर वर येणारा वायु समुद्रतळावरील नळांतून उरणला आणला जातो. कारण त्यांतील पाणी व जड द्रव्यें वेगळीं केल्यावांचून तो पुढें धाडतां येत नाहीं. येथें त्याचे वांटे पडतात. एक अंश सिलिंडरांत जातो, एक नॅफ्था होऊन कारखान्यांस मिळतो, आणि उरलेला हलका वायु ट्रॉम्बे व थळ येथील खत-कारखान्यांकडे, वीजनिर्मितीकडे आणि शहराच्या घरांकडे निघून जातो.

उरण हा मूळचा भातखाचरांचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा मुलूख. वायूचा प्रकल्प, वीजकेंद्र, १९८९ मध्यें सुरू झालेलें न्हावा-शेवा बंदर आणि नवें शहर, ह्या सर्वांस भूमि लागली, आणि ती आगरी-कोळी कुटुंबांच्या हातून गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्यें शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं रस्त्यावर उतरले. १६ व १७ तारखेस गोळीबार झाला आणि पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यांतूनच पुढें संपादित भूमीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांस परत देण्याचें धोरण आलें. धोकाहि गांवाच्या शेजारींच राहिला. ३ सप्टेंबर २०१९ रोजीं उरणच्या प्रकल्पांत आग लागून चौघे मृत्युमुखीं पडले.

ह्याच उरणपासून जवळजवळ सरळ उत्तरेस, सुमारें ५,२०० किलोमीटरांवर, सैबेरियांत नोवी उरेंगॉय नांवाचें शहर आहे. नांवांतील साम्य योगायोगाचें. परंतु जन्मकथा सारखीच. १९६६ मध्यें तेथें जगांतील अतिविशाल वायुक्षेत्रांपैकीं एक सांपडलें, १९७५ मध्यें वसाहत उभी राहिली आणि १९८० मध्यें तिला शहराचा दर्जा मिळाला. हें स्थळ ध्रुववृत्ताच्या थोडें दक्षिणेस आहे. हिवाळ्यांत पारा शून्याखालीं चाळीस अंशांच्याहि पलीकडे उतरतो. भूमि खोलवर कायमची गोठलेली असल्यामुळें इमारती खांबांवर उभारून खालीं हवेस वाव ठेवावा लागतो. एरव्हीं घराच्या उबेनेंच खालची माती वितळून घर खचावयाचें. जेथें पूर्वीं नेनेत्स लोकांचे रेनडिअरांचे कळप हिंडत, तेथें आज लाखाच्या आसपास माणसें राहतात. तीं तेथें राहतात तीं केवळ वायूसाठीं.

अशा शहरास दोन भयें असतात. पहिलें साठ्याचें. वायूचें भांडार विहिरीसारखें नसतें. पावसाळा आला म्हणून तें पुन्हां भरत नाहीं. जसजसा वायु काढावा तसतसा आंतील दाब घटतो, आणि मग उरलेला वायु ढकलण्यासाठीं यंत्रें बसवावीं लागतात. उरेंगॉयच्या वरच्या थरांतील उत्पादन १९९० च्या सुमारापासून उतरणीस लागलें. आतां अधिक खोल व अधिक खर्चाच्या थरांकडे वळावें लागत आहे. दुसरें भय गिऱ्हाइकाचें. येथून निघून युक्रेनमार्गें मध्य युरोपाकडे जाणारा सुमारें ४,४५० किलोमीटरांचा नळ १९८० नंतरच्या दशकांत पुरा झाला. चार दशकें त्यानें परक्या देशांतील घरें ऊबदार ठेवलीं. १ जानेवारी २०२५ रोजीं करार संपला आणि युक्रेनमधून होणारी ही वाहतूक थांबली. शहर जेथल्या तेथें राहिलें. त्याचें भवितव्य मात्र दूरच्या राजधान्यांत ठरलें.

उरणला बर्फाचें भय नाहीं, आणि त्याचा गिऱ्हाईक दारांतच आहे. बंदर आहे, लोहमार्ग आहे, मुंबई जवळ आहे. तरीहि मुंबईच्या समुद्रांतील क्षेत्र आतां वृद्ध झालें आहे, आणि पहिला प्रश्न उरणासहि चुकलेला नाहीं. वायु ओसरल्यावर गांवाच्या हातीं काय राहील? दिघ्याचा अनुभव येथें उपयोगी पडावा. तेथें कारखान्यांसाठीं भूमि आंखली गेली. परंतु श्रमिकांनीं कोठें राहावें ह्याचा हिशेब तितक्या काळजीनें झाला नाहीं. अनधिकृत इमारती उठल्या, आणि २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें त्या पाडण्याची वेळ आली, तेव्हां आयुष्याची पुंजी घरांत घातलेलीं कुटुंबें रस्त्यावर येण्याच्या भीतीनें हवालदिल झालीं.

म्हणून वायूच्या शहराची मोजदाद करतांना नळांतून किती वायु गेला एवढेंच पाहून भागत नाहीं. त्या भरभराटीच्या वर्षांत मूळच्या शेतकऱ्यास जमिनीचा वांटा वेळेवर मिळाला काय, कोळ्याची खाडी मासळीस योग्य राहिली काय, मुलांस वायुखेरीज दुसऱ्या उद्योगाचें शिक्षण मिळालें काय, आणि कामगारास कायदेशीर छप्पर लाभलें काय, हे प्रश्न वायु वाहत असतांनाच विचारावयाचे असतात. नळ कोरडा पडल्यावर ते विचारले, तर उत्तर देण्यास पैसाहि उरत नाहीं व माणूसहि. उरणच्या बाबतींत ही वेळ अद्याप हातची गेलेली नाहीं. तो वायु जाळणाऱ्या घरांनींहि ते विचारावेत, इतकें उरणचें त्यांच्यावर निश्चित देणें आहे.