हातउसने, पण हिशेबाने

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाचे कौतुक करावे असा रिवाज आहे. ते काम माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी उत्तम केले आहे. मला आज एक व्यवहाराची गोष्ट मांडायची आहे. मंडळाच्या शिल्लक निधीचे काय करावे, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेपुढे यायचा आहे. तो सगळाच बँकेत ठेवावा, की त्यातला थोडा भाग आपल्या भागात छोटा उद्योग करणाऱ्या बायकांना बिनव्याजी द्यावा, याचा आपण आधी विचार करावा, म्हणून हे चार शब्द.

शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर आपण वाटीभरच परत करतो. तिला व्याज नसते. पण शेजारचा डबा रिकामा परत करू नये, चार लाडू नाहीतर दोन लिंबे तरी घालावीत, ही रीत आपल्याला घरातच शिकवली जाते. बिनव्याजी कर्जाचे मर्म या रीतीत आहे. व्याज नाही म्हणून देणे संपत नाही. ते वेगळ्या रूपाने शेजाराला परत येते.

आता हिशेब पाहू. घरगुती खानावळ काढणाऱ्या बाईला भांडी आणि शेगडी यांसाठी १०,००० रुपये हवेत. तारण नाही म्हणून बँकेत अडते आणि सावकार दरमहा शेकडा पाच सांगतो. म्हणजे महिन्याला ५०० रुपये नुसते व्याज. वर्षाचे ६,००० गेले, तरी मुद्दल जागच्या जागी! तिलाच कोणी बिनव्याजी १०,००० दिले, तर महिना १,००० प्रमाणे दहा महिन्यांत ती मोकळी होते. पुढे वाचलेल्या पैशांतून ती हाताखाली एखादी गरजू बाई ठेवते, वाण्याची उधारी भागवते. पैसा आपल्याच आळीत फिरतो.

ही कल्पना नवी नाही. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट हा डब्लिन शहरात धर्माधिकारी होता. अठराव्या शतकात त्याने पदरचे ५०० पौंड काढून गरीब कारागिरांना लहान लहान रकमांनी बिनव्याजी दिले. जामीन घेऊन तो पैसे देई आणि ते हप्त्याहप्त्याने परत घेई. पुढे आयर्लंडात ठिकठिकाणी असे कर्जनिधी निघाले.

आपल्या शेजारच्या देशातले उदाहरण तर कालपरवाचे आहे. लाहोरला २००१ साली डॉ. अमजद साकिब यांनी ‘अखुवत’ ही संस्था काढली. या नावाचा अर्थ बंधुभाव. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, एका विधवा बाईला. तिला दान नको होते, कर्जच हवे होते. आणि ते तिने फेडले. पुढे या संस्थेने लाखो कुटुंबांना बिनव्याजी कर्जे दिली. कर्जाचे वाटप मशिदीत, चर्चमध्ये, चार लोकांसमक्ष होऊ लागले. त्यामुळे जागेचा खर्च वाचतो आणि घेणाऱ्याला आपल्या शब्दाची आठवण राहते. जम बसलेले कर्जदार पुढे स्वखुशीने निधीत आपली भर घालू लागले. कालचा घेणारा आज देणारा झाला. डॉ. साकिब यांना २०२१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे २००५ साली ‘किवा’ संस्था निघाली. तिथे माणसे २५-२५ डॉलर घालतात आणि पुष्कळांचे मिळून एकाचे कर्ज उभे राहते. अमेरिकेतल्या छोट्या उद्योगांना ते बिनव्याजी मिळते. अट मात्र मार्मिक आहे. आधी ओळखीच्या काही माणसांनी पैसे घालावे लागतात, मगच ती मागणी परक्यांपुढे जाते. शेजाऱ्यांचा विश्वास हेच तिथे तारण. तरीही पैसे बुडू शकतात, हे देणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगितलेले असते.

आपणही ते एकमेकींना स्पष्ट सांगावे. समजा, ५०,००० रुपये या कामासाठी वेगळे काढले. बँकेचे व्याज शेकडा सहा धरले तर वर्षाला ३,००० रुपयांवर पाणी सोडावे लागेल. पण तेवढ्यात पाच बायकांचे उद्योग उभे राहतील, आणि पैसे परत आले की पुढच्या पाच जणींचे. मात्र बिनव्याजी म्हणजे बिनहिशेबी नव्हे. दोन सभासदांची जामीनकी असावी. हप्ता मासिक सभेत भरावा आणि वही सर्वांना पाहायला मिळावी. आजारपण आले तर मुदत वाढवून द्यावी. न सांगता हप्ता चुकला तर मात्र दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन विचारावे.

आणखी एक पथ्य मला फार महत्त्वाचे वाटते. कर्ज घेतलेल्या बाईकडून मंडळाने फुकट फराळ करवून घेऊ नये, सतरंज्या उचलायला तिलाच पुढे करू नये. तसे केले तर तेही व्याजच झाले, फक्त पैशांऐवजी मानाचे. तिने आळीसाठी काय करावे, ते तिचे तिने ठरवावे. मिंधेपण नसेल तरच माणूस मनापासून देतो.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले आणि हजारो बायकांच्या हाताला काम मिळाले. प्रत्येक उसनवारीतून लिज्जत निघणार नाही, हे मी जाणते. पण पाचांतल्या तिघींनी आपला संसार सावरला आणि एकीने दुसरीला हात दिला, तरी आपला निधी कारणी लागला असे मी समजेन.

वार्षिक सभेत हात वर करण्यापूर्वी हा हिशेब एकदा घरी करून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.