सही करण्यापूर्वी काय वाचावे?



आपल्या घरातील रुग्णासमोर एखाद्या दिवशी संमतिपत्र ठेवले जाते. नवीन औषधाची चाचणी आहे, सहभागी व्हाल का, असा प्रश्न असतो. अशा वेळी आपण ओळखीच्या डॉक्टरांना दूरध्वनी करतो, नाहीतर भ्रमणध्वनीवर फिरणारे निरोप वाचतो. पहिला मार्ग वाईट नाही. दुसऱ्याविषयी न बोलणेच बरे.

विश्वसनीय माहिती म्हणजे काय, हे एका प्रकरणावरून पाहू. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना देण्यात आली. प्रकल्प 'पाथ' या अमेरिकी संस्थेचा होता. पुढे सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि एप्रिल २०१०मध्ये काम थांबविण्यात आले. लसीने मुली दगावल्या, असे अनेकांनी गृहीत धरले. शासनाने नेमलेल्या चौकशी समितीने मात्र मृत्यूंचा लसीशी संबंध नसण्याचीच शक्यता अधिक असल्याचे सांगितले.

मग सारे आलबेल होते काय? मुळीच नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीचा ऑगस्ट २०१३चा ७२वा अहवाल वाचावा. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. लस जगभर वापरली जाते, ती गोष्ट वेगळी. आपल्या लेकीवर काय होणार हे आईबापांना विचारलेच नाही, ही गोष्ट वेगळी. वृत्तपत्रीय मथळ्यात दोन्ही एकत्र कालवले जातात. (हे मी पत्रकार असूनच म्हणतो!) मूळ अहवालात ते सुटे दिसतात.

अशी मूळ कागदपत्रे आज सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. गंमत अशी, की उपरोक्त प्रकल्पात ही परिषदच सहभागी होती आणि संसदीय समितीने तिलाही धारेवर धरले. तेव्हा संस्थेचे नाव मोठे म्हणून नव्हे, तर तिने लिहिलेला निकष तिलाही लावता येतो म्हणून ते पुस्तक जवळ ठेवायचे. मुंबईतून १९९३मध्ये सुरू झालेले 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे इंग्रजी नियतकालिकही आहे. माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरालाही त्यातील बरेचसे लेख समजतात.

कायद्याचे म्हणाल, तर २०१९चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम पाहावेत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, नैतिकता समितीत किमान सात सदस्य, त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अशी तरतूद त्यांत आहे.

आणि सर्वांत सोपी तपासणी. औषधाच्या चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' येथे करणे जून २००९पासून बंधनकारक आहे. प्रायोजक कोण, कोणत्या रुग्णालयात चाचणी चालू आहे, नैतिकता समितीची मान्यता आहे की नाही, हे तेथे कोणालाही पाहता येते. म्हणून संमतिपत्र पुढे आले, की नोंदणी क्रमांक विचारावा, माहितीपत्रक मराठीत मागावे आणि त्याची प्रत घरी न्यावी. एक रात्र वाचायला हवी, असे सांगावे. ती रात्र नाकारणाऱ्याला कारण विचारावे.