शिळेवरील अक्षरे आणि माणसाची नजर



बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये 2018 साली एक वीरगळ सापडला. त्यावरील सुमारे इसवी सन 750 मधील कन्नड लेख गंग राजा श्रीपुरुषाच्या काळात लढताना पडलेल्या कित्तय्याची स्मृती जपतो. हेब्बाळचे ‘पेर्बोळल’ हे प्राचीन नावही त्यातच आढळते. बेंगळुरूची मिथिक सोसायटी असे शिलालेख त्रिमितीय पद्धतीने स्कॅन करते. त्यामुळे झिजलेली अक्षरे संगणकावर अधिक स्पष्ट वाचता येतात. उद्या शिळा नष्ट झाली, तरी लेख उरतो. मात्र यंत्राला दगडाची केवळ मापे कळतात. तो नुसता दगड नसून इतिहासाचा पुरावा आहे, हे प्रथम ओळखते ती माणसाची नजर. गावाच्या वेशीवरील दुर्लक्षित वीरगळापाशी थबकणारी ती नजर घडविणे, हेच शाळेचे कार्य होय.