महामारी, मल्लखांब आणि गुरूचा हात



एकलव्याने गुरूच्या मूर्तीसमोर बसून धनुर्विद्या साधली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. धनुर्विद्येत चूक झाली तर बाण चुकतो आणि भात्यातून दुसरा काढता येतो. जिम्नॅस्टिक्समध्ये किंवा मल्लखांबावर चूक झाली तर देहच चुकतो. म्हणून या विद्येतील गुरू केवळ सांगणारा नसतो. शिष्य उडी घेतो तेव्हा त्याच्या कमरेशी हात ठेवून तो उभा असतो. २०२० साली आलेल्या कोरोनाच्या महामारीने नेमका हाच हात दूर केला. त्या काळात या विद्येचे काय झाले आणि त्यातून काय शिकावयास मिळाले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मल्लखांब ही आपली जुनी ठेव. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी या विद्येला नवजीवन दिले. बलोपासनेचा मराठी संस्कार महाराष्ट्रापुरता राहिला नाही. कुंभकोणमजवळचे आडुतुरै ज्या कावेरीकाठच्या प्रदेशात वसले आहे, तो तंजावरच्या भोसले राजघराण्याशी निगडित. समर्थ संप्रदायाचे भीमस्वामी तेथेच स्थिरावले आणि मारुतीची उपासना त्या मातीत रुजली. आज त्याच तामिळनाडूत विळुप्पुरम हे मल्लखांबाचे केंद्र म्हणून ओळखले जाते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि व्यायामशाळांना कुलपे लागली. महाराष्ट्रात व्यायामशाळा उघडण्यास परवानगी मिळाली ती २५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी. सात महिने पुरलेला खांब तसाच उभा होता, परंतु त्याला एरंडेल लावणारे हात घरात बसून होते. प्रौढ माणसाच्या आयुष्यात सात महिने थोडे. बारा वर्षांच्या मुलीच्या क्रीडाजीवनात ते फार मोठे असतात.

प्रशिक्षक स्वस्थ बसले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. या पद्धतीचे गुण आणि मर्यादा दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत. लवचिकता, पोटाच्या व खांद्याच्या स्नायूंची ताकद, भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहणे, दंड-बैठका, सूर्यनमस्कार हे सारे दुरूनही शिकविता आले. परंतु पडदा एकच बाजू दाखवितो आणि प्रशिक्षकाची सूचना क्षणभर उशिरा पोहोचते. कोलांटी घेताना त्या क्षणभरात मान दुखावू शकते. जाड गादी नाही, पुरेशी उंची नाही, आधार देणारे कोणी नाही, अशा घरात हवेतील कसरती न करणे हाच शहाणपणा होता. शिवाय ज्या घरात एकच खोली आणि एकच मोबाइल, तेथील मुलाला हाही वर्ग मिळाला नाही. महामारीने सर्वांना समान थांबविले, असे म्हणता येत नाही.

दीर्घ खंडाने शरीरात काय घडते, याचे उत्तर क्रीडाशास्त्राकडे आहे. दमश्वास काही आठवड्यांतच उतरू लागतो. स्नायूंची ताकद त्याहून सावकाश घटते. मात्र वाढत्या वयात आणखी एक गोष्ट घडते. या काळात मुलांची उंची वाढते, हातापायांची लांबी बदलते, वजनाचा मध्य सरकतो. जुन्या शरीराला पाठ असलेली उडी नव्या शरीराला पुन्हा शिकावी लागते. मनगटाजवळचे वाढीचे अस्थिभाग या वयात नाजूक असतात आणि हातांवर भार घेणाऱ्या खेळाडूला तेथेच इजा होण्याचा संभव असतो. यासाठी खंडानंतरचा सराव पहिल्या पायरीपासून, हळूहळू भार वाढवीत करावयाचा असतो.

एका वर्षाचे मोल काय असते, हे टोकियो ऑलिंपिकने जगाला दाखविले. स्पर्धा २०२१ वर ढकलली गेली तेव्हा आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २००५ साली जन्मलेल्या मुलींनाही प्रवेश दिला. रशियन संघाची विक्टोरिया लिस्तुनोवा त्यांपैकीच एक. स्पर्धा वेळेवर झाली असती तर वयाच्या अटीमुळे ती खेळूच शकली नसती; आता ती सांघिक सुवर्णपदकाची मानकरी ठरली. उलट बाजूस आपली प्रणती नायक. पश्चिम मेदिनीपूरमधील पिंगला गावची ही मुलगी २०१९ च्या आशियाई स्पर्धेत व्हॉल्ट प्रकारात कांस्यपदक जिंकून आली होती. महामारीमुळे २०२१ ची आशियाई स्पर्धा रद्द झाली आणि आधीच्या कामगिरीवर तिला ऑलिंपिकची जागा मिळाली. पण ही वार्ता आली मे २०२१ च्या आरंभी, आणि प्रत्यक्ष स्पर्धा होती २५ जुलैला. अंतिम फेरी तिला गाठता आली नाही, याचे नवल वाटू नये. त्याच टोकियोत सिमोन बाइल्सने हवेत आपल्या देहाचे भान हरपत असल्याचे ओळखून सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली आणि काही दिवसांनी बॅलन्स बीमवर कांस्यपदक मिळविले. थांबणे हेही कौशल्य असते, हे तिने दाखविले.

याच काळात मल्लखांबाला मात्र नवी प्रतिष्ठा लाभली. २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचा सोहळाही दूरदृश्य पद्धतीनेच झाला. डिसेंबर २०२० मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश जाहीर झाला आणि जून २०२२ मध्ये पंचकुला येथे मुलामुलींनी तो राष्ट्रीय व्यासपीठावर सादर केला. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी पायाभूत व्यायाम सोडला नाही, त्यांच्या परिश्रमांना असा अवसर मिळाला.

पालकहो, मुलाचे ‘वाया गेलेले’ वर्ष घाईने भरून काढण्याचा मोह आवरावा. स्पर्धेची तारीख पुन्हा येते. दुखावलेले मनगट किंवा पाठ मात्र जन्मभर सोबत करते. प्रशिक्षक निवडताना त्याच्या पदकांची संख्या विचारावी, तशीच त्याच्याकडची गादी पाहावी, आणि मूल उडी घेते तेव्हा तो कोठे उभा राहतो हेही पाहावे. मुलाने ‘आज भीती वाटते’ असे म्हटले तर त्याला भित्रा ठरवू नये; ते ऐकून घ्यावे आणि प्रशिक्षकाच्या कानावर घालावे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावे, असा प्रश्न हीरकमहोत्सवात नेहमी विचारला जातो. एक सागवानी खांब, दोरीचा मल्लखांब, चांगल्या जाड गाद्या आणि मुलांच्या आधाराला उभी राहू शकेल अशी एक प्रशिक्षित व्यक्ती, एवढे प्रत्येक शाळेत असावे. पडद्यावर जे शिकविता आले त्याचा उपयोग पुढेही होईल. जे शिकविता आले नाही, त्याची तरतूद मात्र मैदानावरच करावी लागेल.