चाळिशी लागल्यावरची पाटी
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मेळाव्यात वक्त्याने मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. मला बोलायचे आहे ते मुलांच्या शिक्षणाविषयी नव्हे, तर त्यांच्या आईवडिलांच्या शिक्षणाविषयी. चाळीस-पन्नास वर्षांच्या कामकरी माणसाला नवे काही शिकण्याची वेळ येते, तेव्हा त्याला कोण हात देतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयाची चाळीस वर्षे, आणि 'चाळिशी' म्हणजे वाचायचा चष्माही. आपल्या भाषेने हे दोन्ही एकाच शब्दात बांधून ठेवले आहे. पण आपण कामावरच्या माणसाकडून नवी कामे मागतो, आणि त्याला अक्षर तरी नीट दिसते का, हे विचारायचे विसरतो.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे अब्बा निजामी राजवटीत एका कचेरीत कारकून होते. त्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. अब्बांचे अक्षर इतके सुरेख, की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी येत. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कचेरीचे दप्तर मराठी होत गेले. काल ज्यांच्या अक्षराची वाहवा होत होती, त्या माणसाला चाळिशी ओलांडल्यावर पहिलीचे पुस्तक हाती घ्यावे लागले. आपल्या मराठवाड्यातील कितीतरी घरांत हे घडले आहे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. रात्री कंदिलाजवळ आम्ही दोघे एकाच पाटीवर गिरवत असू. 'ळ' त्यांच्या जिभेला वळत नसे. 'ण' चा 'न' होई. मी हसलो की आई डोळे वटारी. अब्बा मात्र म्हणत, "हसू दे त्याला. तो उस्ताद आहे, मी शागीर्द आहे."

कचेरीत मात्र तसे नव्हते. एका वरिष्ठाने त्यांचा मसुदा सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखविला. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. नोकरी सोडण्याची भाषा त्यांच्या तोंडी मी तेव्हा प्रथम ऐकली. त्यांना सावरले ते शेजारच्या टेबलावरच्या एका कारकुनाने. कचेरी उघडण्याआधी अर्धा तास तो अब्बांकडून मराठी मसुदे लिहवून घेई. बदल्यात अब्बा त्याला जुन्या उर्दू नोंदी वाचून दाखवीत. दोघेही एकमेकांचे ऋणी, म्हणून कोणालाच कमीपणा नाही. वर्षभरात अब्बांचे मराठी टिपण बिनचूक होऊ लागले.

ह्या गोष्टीला एक शेपूट आहे. २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदी तपासण्याचे मोठे काम निघाले, तेव्हा सरकारला उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. जुने ज्ञान आपण अडगळीत टाकले होते. वेळ आली तेव्हा ते जाणणारी माणसे हुडकावी लागली. तेव्हा वयस्क माणसाला नवे शिकवताना त्याच्याजवळचे जुने मोडीत काढू नका.

आता आजचे पाहा. माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय अठ्ठेचाळीस. गेल्या वर्षी तो चेहरा उतरवून घरी आला. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांना सूट मिळाली. बढती हवी असेल तर मात्र त्यांनाही परीक्षा आहे. ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातील अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट ह्या संस्थेच्या नावाने ओळखले जाते. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न त्या निकालात मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठविला गेला. हा निकाल योग्य की अयोग्य, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण वीस-पंचवीस वर्षे मुलांचे पेपर तपासणाऱ्या माणसाला स्वतः पेपर द्यायचा आहे, ही गोष्ट साधी नाही.

तो म्हणाला, "सर, नापास झालो तर वर्गात कोणत्या तोंडाने उभा राहू?" मी त्याला परीक्षेचे कागद काढायला लावले. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे. उत्तीर्ण होण्यास साठ टक्के म्हणजे नव्वद गुण, आणि मागासवर्गीयांना सवलत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. मी विचारले, "ह्यातले तू रोज काय शिकवतोस?" तो थोडा थांबून म्हणाला, "बहुतेक सगळेच." त्याची खरी अडचण होती वेगाची आणि भीतीची. वय वाढले की आठवण्याचा वेग मंदावतो, पण समज आणि शब्दसंपत्ती टिकून राहते. म्हणून अशा माणसाने तरुणांसारखे रात्र-रात्र जागू नये. रोज पाऊण तास, नेमाने. आज वाचलेले तीन दिवसांनी पुन्हा, आठ दिवसांनी पुन्हा. आणि घड्याळ लावून सराव. त्याचा मुलगा ह्या वर्षी दहावीला आहे. आता बापलेक एकाच टेबलावर बसतात. चष्म्याचा नंबर चार वर्षांपूर्वीचा होता, तोही त्याने बदलून घेतला. निम्मी डोकेदुखी तिथेच गेली.

हे केवळ नोकरदारांचे दुखणे नाही. गॅरेजमधल्या मिस्त्रीला विचारा. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा उस्ताद माणूस. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा नियम लागू झाला, बहुतेक दुचाकींचे कार्बुरेटर गेले, इंजेक्शन आले, बिघाड शोधायला स्कॅनर आला. पडद्यावरचा आकडा पोऱ्या वाचतो, पण त्या आकड्याचा उगम कोणत्या तारेत आहे हे उस्तादच सांगतो. दोघांनी एकमेकांना शिकविले तर दुकान चालते. पोऱ्या हसला, उस्ताद रागावला, की दुकान बसते.

आणि आपल्या जिल्ह्याचे मोठे दुःख विसरून चालणार नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा एकेक 'कोयता' मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातो. चाळिशी-पन्नाशीत कंबर आणि गुडघे साथ सोडतात. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली राज्यभर झाली, ती ह्याच बीडची होती. आता फडात हार्वेस्टरही येऊ लागला आहे. ज्याला कोयत्याशिवाय दुसरे काही शिकविलेच नाही, त्याने थकलेल्या शरीराने जावे कुठे? त्याला निदान उचलीचा हिशेब वाचता यावा, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढे तरी आपण करू शकतो. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून आहे. त्यात शिकविणारे स्वयंसेवकच असतात. मुंबईत श्रमिक विद्यापीठ १९६७ साली निघाले, ते कामगार दमून येतो हे ध्यानात धरूनच. शिकविणाऱ्याने त्याच्या वेळेला यावे. त्याने आपल्या वेळेला नव्हे.

आता माझ्या विनंत्या.

संस्थाचालकांना आणि दुकानमालकांना विनंती, की आपल्याकडच्या वयस्क शिक्षकाला, लिपिकाला, शिपायाला, कारागिराला शिकण्यासाठी आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळेतून द्या. चुका एकांतात सांगा. वर्षातून एकदा त्याचे डोळे, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक मोफत तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. कायद्याच्या धाकाने करण्याआधी आपुलकीने करा.

पालकांना विनंती, की लाजू नका. दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच उभे आहे.

आणि मुलांनो, शेवटची विनंती तुम्हाला. अब्बूंनी मोबाईलवर अर्ज भरायला सांगितला, की तुम्ही फोन त्यांच्या हातातून ओढून घेता आणि दोन मिनिटांत काम उरकता. काम होते, पण ते शिकत नाहीत. आजपासून फोन त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा. वेळ लागेल, लागू द्या. तुमचे पहिले अक्षर निघायलाही वेळ लागला होता, आणि तेव्हा कोणीतरी तुमचा हात धरून बसले होते.

माझे अब्बा निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत त्यांनी निरोपाचे चार शब्द मराठीतून सांगितले. 'ळ' शेवटपर्यंत थोडा अडखळलाच. पण त्या दिवशी कोणी हसले नाही. मी तर मुळीच नाही.