स्क्रबमधले दाणे



तोंड धुवायच्या ट्यूबमधले खरखरीत दाणे कशाचे, हे बोटाला कळत नाही. आक्रोडाच्या टरफलाचे असतील, मिठाचे असतील, नाहीतर पॉलिइथिलीनचे. म्हणजे किराण्याची कॅरीबॅग ज्याची होते, तोच माल!

खरं काय ते प्रयोगशाळेत कळतं. ट्यूबमधला ऐवज गरम पाण्यात ढवळतात. साबण, मीठ विरघळून जातं. उरलेलं बारीक गाळणीवर धरून सुकवतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग त्यावर अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक प्लास्टिक त्यातल्या ठरावीक लहरीच शोषून घेतं, त्यामुळे दाण्याची जात लपत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने 2015 मध्ये असे स्क्रब तपासले. एका वेळच्या धुण्यात साडेचार हजारांपासून 94,500 पर्यंत दाणे मोरीत जाऊ शकतात, असा हिशेब निघाला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने 2017 मध्येच प्लास्टिकचे हे दाणे सौंदर्यप्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवले. तरी दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने 2022 मध्ये बाजारातली 35 उत्पादनं तपासली, तेव्हा 20 मध्ये पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ निघाले, आणि त्यातल्या 14 मध्ये चक्क घन कण.

आपल्या आष्टीला समुद्र कुठला, असं कुणी म्हणेल. पण ओढ्यातून सीनेत, सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात, हा रस्ता मोकळाच आहे. मला मात्र जास्त घोर लागतो तो ओढ्यापर्यंत न पोचणाऱ्या पाण्याचा. टँकरची वाट बघणाऱ्या घरात न्हाणीचं पाणी कुणी वाया घालवत नाही. ते परसातल्या शेवग्याला जातं, अळूला जातं. पाणी मुरतं, दाणा मातीतच राहतो, आणि तो काही शेणासारखा कुजत नाही. शहरातल्या शुद्धीकरण केंद्रांत बहुतेक कण गाळात अडकतात खरे, पण तो गाळ खत म्हणून शेतात पडला की तिथलीही गत तीच.

अंग घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि टाचेला वज्री, हे आपल्याकडे होतंच. घोसाळं तर कुंपणावर फुकट येतं. तरीही ट्यूबच हवी असेल, तर मागची बारीक इंग्रजी यादी घरातल्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घ्या. पॉलिइथिलीन, पॉलिप्रोपिलीन, नायलॉन यांपैकी एकही नाव दिसलं, तर दुकानदाराला दुसरी मागा.