जाळें आणि जागरूकता

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल पाहून प्रवासी थक्क होतो. परंतु ज्या गोष्टीमुळें या पुलाचें काम बांधकामाच्या इतिहासांत स्मरणीय ठरलें, ती गोष्ट काम संपतांच उतरविली गेली. ती म्हणजे कामगारांसाठीं पुलाखालीं टांगलेलें दोरखंडाचें जाळें.

जानेवारी १९३३ मध्यें काम सुरू झालें, तेव्हां अमेरिकेंतील या धंद्यांत एक क्रूर आडाखा रूढ होता: १० लक्ष डॉलर खर्चामागें एक मनुष्य मरावयाचाच. साडेतीन कोटींच्या या कामांत त्या हिशेबानें ३५ माणसें आधींच मेल्यांत जमा होतीं. मुख्य अभियंते जोसेफ स्ट्रॉस यांनीं हा हिशेब मानला नाहीं. त्यांनीं कठीण शिरस्त्राण सक्तीचें केलें. पुलाच्या रुंदीपेक्षां दोन्ही बाजूंस दहा-दहा फूट अधिक पसरलेलें जाळें टांगलें. त्यास सव्वा लाखाहून अधिक डॉलर पडले. आणि उंच तुळईवर कसरती करून दाखविणाऱ्यास कामावरून काढून टाकण्याचा नियम केला.

यांपैकीं हा शेवटला नियम विशेष विचार करण्याजोगा आहे. उंचीचें भय न वाटणें हेंच जेथें पौरुषाचें लक्षण, तेथें कमरेस पट्टा बांधणारा भित्रा ठरतो. आणि नवखा मजूर मृत्यूपेक्षां सोबत्यांच्या हंसण्यालाच अधिक भितो. कोणास हंसावें आणि कोणास मान द्यावा, याची रीत बदलल्यावांचून ही वृत्ति पालटत नाहीं. गोल्डन गेटवर बेफिकीर मनुष्य वीर न ठरतां बेकार ठरला!

जाळ्यानें १९ जणांना झेललें. त्यांच्या मंडळास गमतीनें ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरचें मंडळ’ असें नांव पडलें. चार वर्षांत केवळ एकच मृत्यु घडला. मग १७ फेब्रुवारी १९३७ हा दिवस उजाडला. पुलाखालची सुमारें पांच टनांची सरकती परांची निखळली आणि जाळें फाडून खालीं कोसळली. तिजबरोबर १० कामगार गेले. माणसें झेलण्यासाठीं विणलेल्या जाळ्यास तें ओझें कसें पेलावें?

एकंदर मृत्यु ११. ३५ च्या आडाख्यापुढें हा आंकडा लहान दिसतो. परंतु त्या ११ घरांस तो हिशेब सांगून काय उपयोग? कामावरील मृत्यु अटळ नव्हे, हें या पुलानें सिद्ध केलें. त्याचबरोबर जाळें कितीहि बळकट असलें तरी तें जागरूकतेची जागा घेऊं शकत नाहीं, हेंहि दाखविलें. फळी, गांठ आणि बोल्ट यांची तपासणी रोजच्या रोज व्हावयास हवी.

भारतांत १९९६ सालीं बांधकाम-कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. परंतु कायदा परांचीवर चढत नाहीं. चढतो तो गवंडी आणि त्याच्यामागून घमेलें घेऊन बिगारी. पाय ठेवण्यापूर्वीं गांठ ओढून पाहणाऱ्या बिगाऱ्यास मुकादम वेळकाढू म्हणतो कीं शहाणा म्हणतो, यावरच त्या इमारतीच्या कामाची खरी सुरक्षितता अवलंबून असते.